प्रकल्पवहीतली दोन पानं : ऋणनिर्देश आणि निष्कर्ष कसे लिहायचे

चित्रं चिकटवून होतात, तक्ते आखून होतात, मुखपृष्ठावर स्केचपेननं नाव घालून होतं, आणि वही जमा करायच्या आदल्या रात्री दोन पानं रिकामी उरलेली असतात : सुरुवातीचं ऋणनिर्देशाचं आणि शेवटचं निष्कर्षाचं. मग वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला फोटो उघडायचा आणि तो जसाच्या तसा उतरवून काढायचा. 'सदर प्रकल्प पूर्ण करताना मला अनेकांचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष सहकार्य लाभले' हे वाक्य एकाच वर्गाच्या वहीमागून वहीत दिसतं ते त्यामुळेच.

प्रस्तावना, विषयाचं महत्त्व, व्याख्या हा भाग पुस्तकांतून घ्यावाच लागतो आणि त्यात काही गैर नाही. ही दोन पानं मात्र दुसऱ्या कोणाकडे तयार मिळूच शकत नाहीत. तुम्हाला मदत कोणी केली आणि तुमच्या मोजणीत काय निघालं, हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. म्हणून ती लिहायला सोपीही आहेत. थोडी तयारी आधीपासून केलेली असली म्हणजे झालं.

पुढचं सगळं एका उदाहरणावर बघू. समजा, नववीतल्या चौघांनी विषय घेतला आहे : 'शाळेतील गळक्या नळांमुळे वाया जाणारे पाणी'. खर्च नाही, लांब जायला नको, आणि मोजायला काहीतरी आहे. असा विषय मिळाला की निष्कर्ष आपोआप चांगला होतो. 'पाणी हेच जीवन' या विषयावर प्रकल्प केला तर शेवटी लिहायला काहीच उरत नाही, हे विषय निवडतानाच ध्यानात घ्या.

ऋणनिर्देश : सुरुवात पहिल्या दिवशी

मुखपृष्ठ, शाळेचं प्रमाणपत्र, त्यानंतर ऋणनिर्देश, मग अनुक्रमणिका, असा क्रम बहुतेक शाळांत असतो. काही शाळा अनुक्रमणिका आधी घ्यायला सांगतात. तुमच्या सरांनी किंवा बाईंनी दिलेला क्रम पाळा. जागा एका पानाची. शंभर ते दीडशे शब्द पुरेसे.

हे पान वहीत पहिलं असलं तरी लिहायचं सगळ्यात शेवटी. त्याची यादी मात्र कामाच्या पहिल्या दिवसापासून ठेवायची. कच्च्या वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखा : कोण, काय केलं, कधी. कोणी काही दिलं, सांगितलं, परवानगी दिली, सोबत आलं की त्याच दिवशी एक ओळ टाका. दोन महिन्यांनी आठवायला बसलात तर मुख्याध्यापक आणि विषयशिक्षक तेवढे आठवतात, आणि ज्यांनी खरं काम सोपं केलं ती माणसं राहून जातात.

नळांच्या प्रकल्पात ही यादी अशी दिसेल : विज्ञानाच्या बाईंनी विषय सुचवला, मोजणीची पद्धत दुरुस्त केली. मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीनंतर नळाजवळ थांबायची परवानगी दिली. प्रयोगशाळा सहाय्यकांनी मोजपात्र दिलं. शिपाईमामांनी टाकी कधी भरते ते सांगितलं आणि मोजणी चालू असताना त्या नळांकडे कोणाला फिरकू दिलं नाही. कोपऱ्यावरच्या प्लंबरनं तीन नळांचे वायसर बदलले. गटातल्या एकीच्या आईनं तक्ते टाइप करून दिले.

एवढी यादी हातात असली की निम्मं पान झालंच.

कोण इथे, कोण संदर्भात

ज्या माणसांनी या प्रकल्पासाठी म्हणून काही केलं, ती ऋणनिर्देशात. ज्या पुस्तकातून, वर्तमानपत्रातून, संकेतस्थळावरून माहिती घेतली, ते सगळं शेवटच्या संदर्भसूचीत. 'गूगल आणि यूट्यूबचे आभार' असं लिहायचं नाही. ज्या पानावरून माहिती घेतली त्याचं नाव आणि पाहिल्याची तारीख संदर्भात द्या. एआयच्या साधनाची मदत घेतली असेल तर तीही कशासाठी घेतली हे तिथेच स्पष्ट लिहा आणि शिक्षकांना सांगा.

सर्वेक्षण केलं असेल तर एक खबरदारी. ज्या घरांनी माहिती दिली त्यांचे आभार जरूर माना, पण नावं आणि मोबाईल नंबर छापू नका. 'आमच्या गल्लीतील ज्या 20 कुटुंबांनी वेळ काढून प्रश्नावली भरून दिली त्यांचे आभार' एवढं पुरे. लोकांनी घरातली माहिती तुम्हाला विश्वासानं दिलेली असते.

देवाचे किंवा आजी-आजोबांच्या आशीर्वादाचे आभार मानावेत का, असं मुलं विचारतात. मनापासून वाटत असेल तर एक ओळ शेवटी लिहा. पण त्या ओळीमुळे प्लंबरची ओळ गळता कामा नये.

क्रम आणि नावं

आधी मार्गदर्शक शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि शाळा, मग बाहेरच्या व्यक्ती व संस्था, मग घरचे आणि मित्र. काही ठिकाणी मुख्याध्यापकांचं नाव पहिलं घेण्याची पद्धत आहे. तसं असेल तर तसं करा.

नावांच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे. पुष्कळ वह्यांत शिक्षकांचं नाव पदवीसकट पूर्ण असतं आणि खाली नुसतं 'शिपाई मामा' किंवा 'सफाई करणाऱ्या मावशी'. त्यांनाही पूर्ण नाव आहे. जाऊन विचारा, कसं लिहितात ते विचारून घ्या, आणि इतरांसारखंच श्री. किंवा श्रीमती लावून लिहा. बाईंच्या नावाआधी सौ. की कु. असा प्रश्न पडला तर 'श्रीमती' लिहा.

एका माणसाला एक काम

प्रत्येक नावापुढे एक ठोस क्रियापद हवं. 'मोलाचे मार्गदर्शन लाभले' यातून काही कळत नाही. हे बघा :

'आमच्या विज्ञान शिक्षिका श्रीमती ______ यांचे मोलाचे मार्गदर्शन लाभले.'

आणि हे :

'आमची पहिल्या दिवसाची मोजणी जुळत नव्हती. प्रत्येक नळाची मोजणी दोनदा करून सरासरी काढण्याची पद्धत आमच्या विज्ञान शिक्षिका श्रीमती ______ यांनी शिकवली.'

दुसरं वाक्य वाचलं की त्या बाईंना त्यांनी दिलेला वेळ आठवेल. शिवाय तपासणाऱ्याला कळतं की मोजणी खरंच झाली आहे.

इथे हमखास चुकतं

उतरवलेला ऋणनिर्देश ओळखू येतो तो क्रियापदावरून. मुलीच्या वहीत 'मी आभार मानतो' आणि चौघांच्या गटप्रकल्पात 'मी ऋणी आहे'. नीट बघून घ्या :

मुलगा लिहीत असेल तर 'मी त्यांचा आभारी आहे', 'मी आभार मानतो'.
मुलगी लिहीत असेल तर 'मी त्यांची आभारी आहे', 'मी आभार मानते'.
गट असेल तर 'आम्ही त्यांचे आभारी आहोत', 'आम्ही आभार मानतो'.

आदरार्थी नाव आलं की पुढे 'यांनी', 'यांचे', 'यांच्या' हवंच : 'श्री. ______ यांनी मोजपात्र दिले'. आणि हे शब्द एकदा डोळ्यांखालून घाला : ऋणनिर्देश, मनःपूर्वक (विसर्गासह), कृतज्ञता, महत्त्व (दोन त), उद्दिष्ट, निष्कर्ष. शुद्धलेखनाच्या चुका सगळ्यात आधी दिसतात त्या याच पानांवर, कारण ही पानं छोटी असतात आणि पूर्ण वाचली जातात.

वहीतली भाषा लेखी ठेवा. बोलताना आपण 'केलं, दिलं' म्हणतो. वहीत 'केले, दिले'. एकाच पानावर दोन्ही नकोत.

पूर्ण झालेलं पान

'शाळेतील गळक्या नळांमुळे वाया जाणारे पाणी' हा प्रकल्प आम्ही इयत्ता नववीतील चार विद्यार्थ्यांनी मिळून पूर्ण केला.

हा विषय आमच्या विज्ञान शिक्षिका श्रीमती ______ यांनी सुचवला. आमची पहिल्या दिवसाची मोजणी जुळत नव्हती, तेव्हा प्रत्येक नळाची मोजणी दोनदा करून सरासरी काढण्याची पद्धत त्यांनी शिकवली. मुख्याध्यापक श्री. ______ यांनी मधल्या सुट्टीनंतर नळांजवळ थांबून मोजणी करण्याची परवानगी दिली. प्रयोगशाळा सहाय्यक श्री. ______ यांनी मोजपात्र वापरण्यास दिले. शाळेचे शिपाई श्री. ______ यांनी टाकी भरण्याच्या वेळा सांगितल्या आणि मोजणीच्या वेळी ते नळ कोणी उघडू नयेत याची काळजी घेतली.

प्लंबर श्री. ______ यांनी तीन नळांचे वायसर बदलून दिले व गळती का होते ते नळ उघडून दाखवले. आमच्या गटातील एका विद्यार्थिनीच्या आई श्रीमती ______ यांनी तक्ते टाइप करून दिले.

या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो.

खाली उजवीकडे चौघांची नावं, इयत्ता, तुकडी. डावीकडे दिनांक आणि ठिकाण. बस्स. महिरप, फुलं, कविता यांची गरज नाही.

निष्कर्षाकडे वळताना

इथे गोंधळ जास्त होतो, कारण सारांश, निष्कर्ष, उपाय आणि समारोप हे चारही एकाच पानावर कालवले जातात. सारांशात काय काय केलं ते थोडक्यात येतं. निष्कर्षात त्यातून काय निघालं ते येतं. उपाय किंवा शिफारशींत आता काय करावं ते सांगायचं. समारोप म्हणजे शेवटचा दोन-तीन ओळींचा परिच्छेद. तो शाळेनं मागितला तरच लिहा. चारही वेगळ्या मथळ्यांखाली ठेवले की गुंता सुटतो.

'पाणी मौल्यवान आहे, आपण सर्वांनी पाण्याची बचत केली पाहिजे' हा निष्कर्ष नाही. हे वाक्य एकही नळ न पाहता लिहिता आलं असतं. ही कसोटी प्रत्येक वाक्याला लावा : प्रकल्प केलाच नसता तर हे वाक्य मला लिहिता आलं असतं का? आलं असतं, तर ते खोडा किंवा प्रस्तावनेत टाका.

प्लास्टिकच्या प्रकल्पांत याचं उत्तम उदाहरण सापडतं. 'सरकारने प्लास्टिकवर बंदी घातली पाहिजे' असा निष्कर्ष वर्षानुवर्षं उतरत आला आहे. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना 2018मध्येच निघाली आणि एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर 1 जुलै 2022पासून देशभर बंदी आहे. मग प्रकल्पात पाहायचं ते हे : आपल्या आठवडी बाजारात पातळ पिशव्या अजून मिळतात का, किती विक्रेत्यांकडे मिळतात, आणि का ठेवाव्या लागतात असं ते सांगतात. '25 विक्रेत्यांपैकी इतक्यांकडे पातळ पिशव्या आढळल्या' हे वाक्य त्या बाजारात जाऊन आलेल्यालाच लिहिता येईल.

उद्दिष्टं समोर ठेवा

एक कोरा कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे तुमच्या वहीतली उद्दिष्टं उतरवा. उजवीकडे प्रत्येकासमोर निरीक्षणांतून मिळालेलं उत्तर लिहा, आणि ते कोणत्या तक्त्यात आहे त्याचा क्रमांक. आपल्या चौघांची उद्दिष्टं होती : गळके नळ शोधणे, वाया जाणारे पाणी मोजणे, गळतीची कारणे शोधणे, दुरुस्तीनंतर किती फरक पडतो ते पाहणे.

समजा, शाळेत 14 नळ आहेत. सगळे घट्ट बंद करून पाहिल्यावर चार गळताना दिसले. प्रत्येकाखाली तासभर बाटली धरून मोजपात्रानं मोजलं : 3 क्रमांकाच्या नळातून 900 मिलिलीटर, 7 मधून 1200, 8 मधून 600 आणि 12 मधून 300. पहिल्या तिघांचे वायसर झिजलेले निघाले आणि बाराव्या नळाचे आटेच गेले होते. वायसर बदलल्यावर पुन्हा मोजलं तर 3 आणि 7 पूर्ण थांबले होते, 8 मधून अजून 100 मिलिलीटर येत होतं.

डावीकडच्या एखाद्या उद्दिष्टासमोर उजवी बाजू कोरी राहिली, तर ते काम झालेलं नाही. अजून वेळ असेल तर जाऊन करा. नसेल तर 'हे उद्दिष्ट पूर्ण करता आले नाही' असं कारणासह लिहा. उलट, उजवीकडे महत्त्वाचं काही सापडलं आणि डावीकडे त्याचं उद्दिष्टच नाही, असंही होतं. तेही निष्कर्षात घ्या, पण 'याशिवाय असे आढळले की' असं म्हणून.

मग वाक्यं

1. शाळेतील 14 नळांपैकी 4 नळ (क्र. 3, 7, 8 व 12) बंद केल्यावरही गळत असल्याचे आढळले. (तक्ता 1)

2. या 4 नळांतून तासाला एकूण 3 लीटर पाणी वाया जात होते. त्यांपैकी 1 लीटर 200 मिलिलीटर पाणी एकट्या 7 क्रमांकाच्या नळातून जात होते. (तक्ता 2)

3. गळती याच वेगाने अखंड चालू राहते असे धरल्यास 24 तासांत 72 लीटर पाणी वाया जाईल. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दररोज 55 लीटर पाण्याचे प्रमाण ठरवलेले आहे. त्या हिशेबाने ही गळती एका व्यक्तीच्या दिवसभराच्या पाण्यापेक्षा जास्त आहे.

4. तीन नळांची गळती वायसर झिजल्यामुळे होत होती. 12 क्रमांकाच्या नळाचे आटे झिजलेले असल्याने त्याला वायसर बदलून उपयोग नव्हता. (तक्ता 3)

5. वायसर बदलल्यानंतर एकूण गळती तासाला 3 लीटरवरून 400 मिलिलीटरवर आली. (तक्ता 4)

तिसरं वाक्य नीट बघा. 72 लीटर कोणी मोजलेले नाहीत; तासाच्या मोजणीला 24 ने गुणलं आहे. म्हणून तिथे 'असे धरल्यास' आणि 'जाईल' आलं. मोजलेलं आणि हिशेबानं काढलेलं यातला फरक वाक्यात दिसलाच पाहिजे. आणि नुसते 72 लीटर म्हटलं तर ते जास्त की कमी हे कळत नाही. 55 लीटरशी तुलना केल्यावर आकड्याला वजन येतं. अशी तुलना घेतली की तिचा संदर्भ सूचीत द्या.

मोजणी होऊन गेलेली आहे, म्हणून निष्कर्षाची वाक्यं भूतकाळात : आढळले, दिसून आले, होत होते. 'सिद्ध झाले' हा शब्द शालेय प्रकल्पात जपून वापरा. टक्केवारीही जपून. पाच घरांत विचारून 'गावातील 80 टक्के लोक' असं लिहू नका. 'पाहिलेल्या 5 घरांपैकी 4 घरांत' असं लिहा.

मर्यादा लपवू नका

निष्कर्षाखाली दोन-तीन ओळींत मर्यादा लिहा. 'मोजणी फक्त दुपारच्या वेळी केली. टाकी भरलेली असताना आणि रिकामी होत आली असताना गळतीचा वेग बदलतो का, हे तपासले नाही. रात्री नळांना पाणी असते का, हेही पाहिले नाही.' यामुळे गुण जातील अशी भीती वाटते. पण परीक्षक नेमकं हेच विचारणार असतात, आणि तुम्ही ते आधीच लिहिलेलं असतं.

अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं तरी तेच लिहायचं. गांडूळखत घातलेल्या आणि न घातलेल्या कुंड्यांतली मेथी पंधरा दिवसांत सारखीच वाढली, तर 'पंधरा दिवसांत उंचीत फरक आढळला नाही' हाच निष्कर्ष. पुस्तकात खत चांगलं म्हटलंय म्हणून आकडे वाकवू नका. कदाचित मातीच कसदार असेल, कदाचित दिवस कमी पडले असतील. ही शक्यता मर्यादांत नोंदवा.

आकडे नसलेल्या प्रकल्पात

इतिहास किंवा मराठीच्या प्रकल्पात मोजपात्र नसतं, तरी रीत तीच. समजा, गावातल्या वीरगळांवर प्रकल्प आहे. देवळामागे तीन दगड आहेत. तिन्हींवर खालच्या चौकटीत लढाई कोरली आहे, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मग लिहा : 'तिन्ही शिळांवर लढाईचा प्रसंग, शिवलिंगाची पूजा व चंद्रसूर्य आढळले, त्यावरून त्या लढाईत मरण पावलेल्या वीरांच्या स्मारकशिळा आहेत असे म्हणता येते. एकाही शिळेवर लेख नसल्याने वीरांची नावे व काळ सांगता येत नाही. गावात या शिळांना देव मानून शेंदूर लावला जातो.' पहिल्या वाक्यात पाहिलेलं आणि त्यावरचा तर्क आला, दुसऱ्यात काय सांगता येत नाही ते, तिसऱ्यात आजची स्थिती. 'आपण आपला वारसा जपला पाहिजे' हे इथे नको. जपण्यासाठी काय करावं ते शिफारशींत लिहा.

शिफारशी आणि तोंडी परीक्षा

शिफारस करायची तर ती कोणी करायची आहे हे सांगा. 'पाण्याची बचत करावी' हे कोणालाच उद्देशून नाही. '12 क्रमांकाचा नळ बदलावा', '8 क्रमांकाचा नळ प्लंबरकडून पुन्हा तपासून घ्यावा', 'दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोन विद्यार्थ्यांनी सर्व नळ तपासून नोंदवहीत नोंद करावी' हे शाळेला लगेच करता येण्याजोगं आहे. दोन किंवा तीन शिफारशी पुरेत.

तोंडी परीक्षेच्या आधी निष्कर्षाचं पान जोडीदारासमोर ठेवा आणि त्याला प्रत्येक ओळीवर 'हे कशावरून?' एवढाच प्रश्न विचारायला सांगा. प्रत्येक वेळी तुम्हाला तक्त्याचं पान काढून दाखवता आलं पाहिजे. जिथे बोट ठेवायला जागा सापडत नाही ती ओळ काढून टाका. गटातल्या चौघांनाही हे जमलं पाहिजे, नाहीतर एकच जण बोलतो आणि बाकीचे तिघे खाली बघत उभे राहतात.

आणि वही जमा करण्यापूर्वी शिफारशींच्या पानाची एक प्रत वेगळी काढा. वही तपासून कपाटात जाते, नळ मात्र गळतच राहतो. त्या प्रतीवर एक छोटा अर्ज लावा : 'मा. मुख्याध्यापक, विषय : शाळेतील 8 व 12 क्रमांकाच्या नळांच्या दुरुस्तीबाबत'. खाली मोजणीचे दोन आकडे, लागणारं सामान, प्लंबरनं सांगितलेला अंदाजे खर्च, चौघांच्या सह्या. अर्ज कार्यालयात देऊन त्याची पोच घ्या.